ताल चुकतो, म्हणजे नेमके काय चुकते?

स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की शाळेत एक निवड होते. लेझीमच्या पहिल्या दोन-तीन सरावांत ज्यांची पावले ढोलाबरोबर पडत नाहीत, त्यांना बाजूला काढले जाते. ‘याला तालच नाही’ असे एकदा ऐकवले गेले की ते मूल पुढे प्रार्थनेतली टाळीसुद्धा भीतभीत वाजवते. मोठ्या विद्यार्थ्यांचेही असेच होते. हल्ली तालुक्याच्या गावांतही अकरावी-बारावीच्या मुलांच्या हाती गिटार दिसते. दोन-तीन कॉर्ड बोटांना जमतात, पण गाण्याबरोबर वाजवू लागले की हात कधी पुढे पळतो, कधी मागे राहतो. ‘आपल्यात तालाचे अंगच नाही’ अशी मुलाची समजूत होते आणि गिटार खुंटीला टांगली जाते.

बीड जिल्ह्यात तर तालाची वाण नाही. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात, टाळांच्या रांगा उभ्या राहतात, पखवाज घुमतो. पखवाजवादनासाठी पद्मश्रीने गौरवले गेलेले शंकरबापू आपेगावकर याच जिल्ह्यातल्या, अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे. अशा जिल्ह्यातल्या शाळेत ‘ताल नसलेली’ मुले येतात कुठून?

त्यातली काही मुले कुठून येतात हे शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांबरोबर काही मुले गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. संमेलन होते डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ज्या महिन्यांत शाळेत लेझीम, समूहगीत, कवायत यांचा सराव चालतो, नेमके तेच महिने या मुलांचे बुडतात. पुढच्या वर्षी ती रांगेत उभी राहिली आणि अडखळली, की तिला ‘बेताल’ म्हटले जाते. न शिकवलेल्या धड्यावर नापास करण्यासारखेच हे आहे.

या लेखात आम्हांला एकच गोष्ट मांडायची आहे. ‘ताल चुकला’ या दोन शब्दांखाली तीन वेगवेगळ्या चुका लपलेल्या असतात. तिन्ही मोजता येतात, तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि त्यासाठी लागणारी साधने कोणत्याही शाळेत मिळतात.

आधी शब्द स्पष्ट करू

सारख्या अंतराने पडणारे ठोके मनात धरा. दोन ठोक्यांमधल्या कालावधीला मात्रा म्हणू. मात्रा किती लवकर किंवा किती सावकाश येतात, तो वेग म्हणजे लय. मात्रांचे ठरावीक संख्येचे गट करून, कुठे जोर, कुठे टाळी आणि कुठे खाली हे ठरवले की होतो ताल. दादरा सहा मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा, पखवाजावरचा चौताल बारा मात्रांचा. आवर्तनाची पहिली मात्रा ती सम. गिटारवर साथ करणारा मुलगा ‘एक-दोन-तीन-चार’ मोजतो तेव्हा तोही चार मात्रांचे आवर्तनच मोजत असतो आणि त्याचा ‘एक’ ही त्याची सम असते.

ताल धरणे म्हणजे ऐकून वागणे नव्हे

वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहा. मुलांना डोळे मिटायला सांगा. तुम्ही मनाला येईल तेव्हा, अनियमित अंतराने, टेबलावर डस्टर आपटा. आवाज ऐकताक्षणी मुलांनी टाळी वाजवायची. टाळी नेहमीच आवाजाच्या मागून येईल. आवाज कानावर पडून मेंदूपर्यंत पोचणे, तिथून हाताला आदेश जाणे आणि हात हलणे, या सगळ्याला साधारण सेकंदाचा सातवा भाग, म्हणजे सुमारे १५० मिलिसेकंद लागतात. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) हातातून निसटती पट्टी पकडण्याचा प्रयोग ज्यांनी केला असेल, त्यांना या उशिराची कल्पना असेल.

आता डस्टर सारख्या अंतराने आपटा. चार-पाच ठोक्यांतच मुलांच्या टाळ्या तुमच्या ठोक्यांवर येऊन बसतील. मघाचे १५० मिलिसेकंद कुठे गेले? मुले ठोका ऐकून टाळी वाजवत असती, तर ती आताही तेवढीच मागे राहिली असती. ती मागे राहत नाहीत, कारण पुढचा ठोका कधी पडणार हे त्यांनी आधीच ओळखलेले असते आणि हात ठोका पडण्यापूर्वीच निघालेला असतो. प्रयोगशाळेत काटेकोर मोजमाप केले तेव्हा आणखी गंमत दिसली. माणसाचा ठोका यंत्राच्या ठोक्याच्या किंचित आधी, साधारण २० ते ८० मिलिसेकंद आधी पडतो आणि त्या माणसाला मात्र आपण बरोबर ठोक्यावरच आहोत असे वाटते. सरावलेल्या वादकांत हे अंतर कमी असते.

म्हणजे ताल ही भाकित करण्याची क्रिया आहे. ती कानापुरती नसते, तिच्यात सगळे शरीर गुंतलेले असते. जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तालबद्ध ठोके नुसते ऐकतानाही मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग काम करू लागतात असे दिसून आले. हातपाय स्थिर असले तरी मेंदू आतल्या आत पाऊल टाकत असतो.

ही क्षमता जन्मानंतर खूप उशिरा येते असेही नाही. हंगेरीतील इश्तवान विंकलर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला. मधूनच ठेक्यातला मुख्य ठोका गाळला, की बाळांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींत फरक दिसे. ‘इथे काहीतरी यायला हवे होते’ हे त्या मेंदूला कळत होते. ताल खरोखरच जाणवत नाही अशी माणसे असतात. माँट्रियलमधील अशा एका तरुणाचे सविस्तर वर्णन २०११ साली प्रसिद्ध झाले. पण एका माणसावर शास्त्रज्ञांनी निबंध लिहावा, इतकी ही अवस्था विरळा आहे. तुमच्या वर्गात ‘ताल नसलेली’ म्हणून बसवून ठेवलेली पाच-सहा मुले त्या प्रकारची असण्याची शक्यता फार कमी.

दोरी आणि दगड

ताल मोजायचा तर एक बिनचूक ठोका देणारे साधन हवे. मोबाइलवर मेट्रोनोम फुकट मिळतो. पण शाळेत त्याहून बोधप्रद साधन आपण स्वतः करू शकतो, ते म्हणजे लंबक. दोरीला दगड बांधा आणि दोरी खिळ्याला लटकवा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजा. दगडामागे भिंतीवर खडूने एक उभी रेघ काढा. दगड रेघेवरून दर वेळी पुढे किंवा मागे जाताना एक ठोका धरा.

लांबी ९९ सेंटिमीटर ठेवली तर मिनिटाला ६० ठोके मिळतात. ६४ सेंटिमीटरला ७५, ४४ सेंटिमीटरला ९०, ३६ सेंटिमीटरला १०० आणि २५ सेंटिमीटरला १२० ठोके. वेग दुप्पट करायला लांबी निम्मी करून भागत नाही, ती पाव करावी लागते, हे दहावीच्या मुलांना या आकड्यांतून स्वतः शोधू द्या. झोका लहान ठेवावा. झोका हळूहळू मंदावतो, पण दोन ठोक्यांमधले अंतर जवळजवळ बदलत नाही. लंबक मुका असतो, म्हणून एका विद्यार्थ्याने रेघेकडे पाहून लाकडी ठोकळ्याने ‘टक’ वाजवावे. आपला ताल डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक चांगला बसतो.

लंबकाबरोबर गॅलिलिओचे नाव येते, आणि तालाच्या संदर्भातही ते घ्यायला हवे. घरंगळणारा गोळा समान कालखंडांत किती अंतरे तोडतो हे गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या आरंभी शोधले. तेव्हा सेकंदाचे भाग दाखवणारे घड्याळ नव्हते. मग त्याने वेळ मोजला कसा? विज्ञानेतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७५ साली एक उपपत्ती मांडली. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो हे ल्यूट या गिटारसारख्या वाद्याचे वादक होते. ल्यूटच्या दांडीवर तातीचे पडदे बांधलेले असत आणि ते सरकवता येत. गॅलिलिओने तसेच पडदे उतरत्या फळीवर बांधले असावेत आणि गोळ्याचा ‘खट्-खट्’ आवाज गाण्याच्या लयीत येईपर्यंत ते सरकवले असावेत, असे ड्रेक यांचे म्हणणे. सगळ्या इतिहासकारांना हे मान्य नाही, पण प्रयोग आपल्याला करून पाहता येतो.

दोन मीटर लांबीची, मध्ये खोबण असलेली पट्टी घ्या. तिचे एक टोक १० सेंटिमीटर उचला. गोटी सोडण्याच्या जागेपासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर बारीक दोरा आडवा बांधा. गोटी सोडली की सुमारे पाऊण-पाऊण सेकंदाने सारखे ठोके ऐकू येतात. १, ४, ९, १६ हे वर्गसंख्यांचे नाते कानाला ऐकू आले! आता ९० सेंटिमीटरवरचा दोरा चार सेंटिमीटर सरकवा. ठोका फक्त सेकंदाच्या विसाव्या भागाने चुकेल. तरीही बहुतेक मुले म्हणतील, ‘सर, तिसरा ठोका बरोबर नाही.’ ज्यांना तालच नाही असे आपण म्हणतो, त्यांच्या कानात इतके बारीक घड्याळ असते.

पहिली चूक : वेग सरकणे

काही मुलांचे ठोके एकमेकांशी सारखे असतात, पण लय हळूहळू चढत जाते. काहींची उतरते. ही झाली पहिली चूक. ती मोजण्याची युक्ती जुनी आहे. १८८६ साली स्टीव्हन्स या संशोधकाने ती वापरली होती. आधी यंत्राबरोबर ठोके द्यायचे, मग यंत्र बंद करायचे आणि त्याच लयीत एकट्याने पुढे चालू ठेवायचे.

मिनिटाला १०० ठोक्यांचा लंबक किंवा मेट्रोनोम लावा. मुलाने त्याबरोबर २० टाळ्या वाजवाव्यात. मग यंत्र थांबवा. मुलगा वाजवत राहील. त्याची एक टाळी ‘शून्य’ धरून घड्याळ सुरू करा आणि तिथून तिसाव्या टाळीला बंद करा. ३० मात्रांना बरोबर १८ सेकंद लागायला हवेत. १७.१ सेकंद लागले तर लय पाच टक्क्यांनी चढली. १८.९ लागले तर पाच टक्क्यांनी उतरली. हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

वर्गाने मिळून टाळ्या वाजवल्या तर लय बहुधा चढतेच. गटाने ताल धरताना वेग वाढत जाण्याची प्रवृत्ती प्रयोगांतही आढळली आहे. जो पुढे गेला त्याला गाठायला सगळे धावतात आणि मागे राहिलेल्यासाठी कोणी थांबत नाही, असे काहीसे होत असावे. भजनात शेवटाकडे लय चढवतात ती जाणूनबुजून, साऱ्यांच्या संमतीने. आपण इथे नकळत चढणाऱ्या लयीबद्दल बोलत आहोत.

यावर उपाय असा. यंत्राबरोबर सतत वाजवण्याने फारसे साधत नाही. चूक झाली की यंत्र लगेच सावरते आणि आतले घड्याळ आळशी राहते. त्याऐवजी आठ मात्रा यंत्र चालू, आठ मात्रा बंद, पुन्हा चालू असा सराव करावा. यंत्र परत आले की आपण पुढे आहोत की मागे, हे मुलाला स्वतःलाच कळते. आठ मात्रा जमल्या की सोळा बंद ठेवाव्यात. गिटार शिकणाऱ्याने एकाच कॉर्डवर हाच सराव करावा.

दुसरी चूक : ठोके डळमळणे

काही मुलांचे ३० ठोके बरोबर १८ सेकंदांत येतात, पण मधले ठोके वेडेवाकडे, काही जवळ तर काही लांब पडतात. सरासरी बरोबर, पण वाटणी बिघडलेली. न शिकलेल्या माणसाचे ठोके, तो मन लावून देत असला तरी, मात्रेच्या चार टक्के किंवा अधिक डळमळतात. सरावलेल्या वादकांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास येते. ०.६ सेकंदाच्या मात्रेत याचा अर्थ २४ मिलिसेकंद आणि १२ मिलिसेकंद. म्हणजे मोठा वादकही यंत्र नसतो. फरक आहे तो निम्म्याचा, आणि तो सरावाने पडतो.

हे मोजायचे असेल तर टाळ्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात आणि संगणकावर ‘ऑडॅसिटी’ या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत उघडाव्यात. प्रत्येक टाळी शिखरासारखी उभी दिसते. शिखरांमधली अंतरे वाचून सरासरी आणि सरासरी विचलन काढणे हा नववी-दहावीच्या संख्याशास्त्राचा जिवंत धडा होईल. संगणक नसेल तर दोघांना समोरासमोर उभे करून एकत्र टाळी वाजवायला लावा. टाळ्या जुळल्या तर एकच आवाज येतो. जरासे अंतर पडले तरी टाळी फाटल्यासारखी ऐकू येते.

ठोके डळमळण्याची दोन कारणे असू शकतात, हे ॲलन विंग आणि आल्फ्रेड क्रिस्टॉफर्सन यांनी १९७३ साली मांडले. एक, मनातले घड्याळ डळमळते. दोन, घड्याळ ठीक असते पण हात कधी लवकर, कधी उशिरा पोचतो. दोन्हींची खूण वेगळी. समजा घड्याळ बरोबर आहे आणि एकच टाळी उशिरा पडली. मग तिच्या आधीचे अंतर लांब होईल आणि नंतरचे तेवढेच आखूड. लांब अंतरामागे आखूड, आखूडामागे लांब अशी जोडी वारंवार दिसली, तर दोष हाताचा. आणखी एक फरक आहे. मात्रा लांब केली की घड्याळाचा दोष वाढतो, हाताचा मात्र तेवढाच राहतो. संथ लयीत ताल धरणे अवघड का जाते, याचे उत्तर इथे मिळते. दोन ठोक्यांत सुमारे दोन सेकंदांहून जास्त अंतर पडले, तर आपले भाकित ढिले पडते आणि आपण पुन्हा ‘ऐकून वागू’ लागतो.

मग विलंबित ख्यालात तबलजी अनेक सेकंदांची मात्रा कशी सांभाळतो? तो ती रिकामी ठेवत नाही. मोठ्या मात्रेत लहान बोल भरून तो तिचे तुकडे करतो. पखवाज शिकणाऱ्याला बोल आधी तोंडाने म्हणायला आणि हाताने ताल द्यायला लावतात, तेही हेच शिक्षण. तोंड मात्रेचे बारीक भाग मोजते आणि हात मोठे टप्पे दाखवतो.

गिटारवर हेच तत्त्व हाताच्या हालचालीत असते. नवशिका मुलगा तार छेडायची असते तेव्हाच हात हलवतो आणि मध्ये थांबवतो. प्रत्येक थांब्यानंतर केव्हा निघायचे हे त्याला नव्याने ठरवावे लागते. अनुभवी वादकाचा उजवा हात मघाच्या लंबकासारखा न थांबता खाली-वर जात राहतो. मात्रेवर हात खाली, अर्ध्या मात्रेवर वर. एखादा आघात गाळायचा असला तरी हात जातोच, फक्त तारांना न लागता हवेतून जातो. म्हणून पहिला सराव असा करावा. डाव्या हाताची बोटे तारांवर नुसती टेकवून तारा मुक्या कराव्यात आणि उजव्या हाताने मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत खाली-वर करत राहावे. तोंडाने ‘एक-आणि-दोन-आणि’ म्हणावे. हे पाच मिनिटे न अडखळता जमल्यावरच कॉर्ड धरावी.

कॉर्ड बदलताना ताल तुटतो, ही तर सर्वांची तक्रार. तिथे खरा दोष बहुधा तालाचा नसतो. डावा हात वेळेवर पोचत नाही आणि त्याची वाट पाहत उजवा थांबतो. उजव्याने थांबू नये. एखादी तार अर्धवट वाजली तरी चालेल, पण मात्रा रिकामी जाऊ नये. ऐकणाऱ्याला एक बेसूर तार क्षणभर खटकते. पण मोडलेली लय त्याची पावलेच थांबवते. मग लय एवढी कमी करावी की डाव्या हातालाही वेळ मिळेल, आणि दर दोन दिवसांनी मिनिटाला चार-पाच मात्रांनीच वाढवावी.

तिसरी चूक : सम हरवणे

तिसऱ्या प्रकारात लय ठीक असते आणि ठोकेही सारखे असतात, पण आपण आवर्तनात कुठे आहोत हे हरवते. लेझीमचा हात आठव्या मात्रेऐवजी सातवीलाच वळतो. गिटारवर कॉर्ड एक मात्रा आधी बदलली जाते. ही चूक घड्याळाची नव्हे, हिशेबाची आहे.

तिच्यावरचा उपाय आपल्या तालपद्धतीतच आहे. चौतालाचा ठेका घ्या : धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन. बारा मात्रा. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेला टाळी, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला खाली. टाळी आणि खाली हे रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारखे आहेत. बारापर्यंत सलग मोजताना कुठे चुकलो हे कळत नाही. पण टाळी-खालीच्या खुणा असल्या की चूक दोन मात्रांच्या आतच सापडते. खालीत आवाज नसतो, हात नुसता बाजूला जातो. निःशब्द मात्राही मात्राच असते, हे मुलाला त्यातून कळते. तान्ह्या बाळाच्या मेंदूने टिपलेला गाळलेला ठोका आठवून पाहा.

वर्गात खेळ असा घ्यावा. सर्वांनी चौतालाचे बोल म्हणत हाताने ताल द्यावा. शिक्षकांनी खूण केली की एक पूर्ण आवर्तन सर्वांनी मनातल्या मनात म्हणायचे, हातही हलवायचा नाही. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत हे मौन ७.२ सेकंदांचे असेल. मग सर्वांनी एकदम समेवर ‘धा’ म्हणायचे. पहिल्या दिवशी ‘धा’ पावसाच्या थेंबांसारखा विखरून येईल. आठवड्याभराने तो जवळजवळ एकच ऐकू येईल.

मैदानावरची चूक मुलांची की हवेची?

लेझीमच्या लांब रांगा मैदानावर उभ्या असतात. ढोलवाला पहिल्या रांगेजवळ. मागच्या रांगा नेहमी उशिरा वाजतात म्हणून त्यांना बोलणी बसतात. इथे थोडे भौतिकशास्त्र आठवावे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ढोलापासून ३५ मीटर अंतरावरच्या मुलाला ढोल सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. त्याने अगदी अचूक ताल धरला तरी त्याच्या लेझीमचा आवाज पुढे बसलेल्या पाहुण्यांपर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. एकूण ०.२ सेकंदांचा उशीर. मात्रा ०.६ सेकंदांची असेल तर हा तिचा तिसरा हिस्सा झाला!

हा दोष मुलांचा नाही. ढोल रांगांच्या मध्यभागी उभा केला तर जास्तीत जास्त अंतर निम्मे होते. मागच्या मुलांना ढोलवाल्याचा उंच उचललेला हात दिसेल अशी सोय केली तर आणखी फरक पडतो, कारण प्रकाशाला असा उशीर लागत नाही. हीच काळजी यंत्राबाबत घ्यावी. मेट्रोनोम बिनतारी स्पीकरवर लावला तर आवाज मोबाइलच्या पडद्यावरील खुणेपेक्षा सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने उशिरा येऊ शकतो. म्हणून तारेचा स्पीकर किंवा सरळ लाकडी ठोकळा वापरावा.

रोज दहा मिनिटे

परिपाठानंतर दहा मिनिटे मिळाली तरी पुरेत. दोन मिनिटे जागच्या जागी चालत मात्रा धरायची. पाय चालू राहिले की मोठ्या स्नायूंना ताल आधी कळतो, मग तो हातात उतरतो. तीन मिनिटे त्याच पावलांवर टाळी : आधी मात्रेला एक, मग दोन, मग चार, आणि परत एक. या वेळी पावलांचा वेग बदलू द्यायचा नाही. तीन मिनिटे ‘यंत्र चालू, यंत्र बंद’. दोन मिनिटे मौनाचा खेळ. पहिल्या आठवड्यात मिनिटाला ९० ते १०० ठोक्यांच्या लयीत सराव घ्यावा. ही लय बहुतेकांना सोयीची असते. संथ लय अवघड, म्हणून ती नंतर घ्यावी.

प्रत्येक मुलाच्या नावापुढे वहीत तीन रकाने आखावेत : वेग किती टक्के सरकला, ठोके कितपत डळमळले, सम किती वेळा सापडली. दर पंधरा दिवसांनी एकदा नोंद करावी. ‘ताल नाही’ हा शेरा लिहायला या वहीत रकाना नाही. ज्या मुलाची लय चढते पण सम कधी चुकत नाही, त्याला काय शिकवायचे हे वहीच सांगेल. हंगाम संपवून मार्च-एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलांची नोंद तेव्हापासून सुरू करावी. त्यांची तुलना वर्षभर सराव केलेल्यांशी करू नये. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या आकड्याशी करावी. त्यांच्या पहिल्या आणि चौथ्या नोंदीत किती फरक पडला हे आपण पाहावे, आणि ती वही मुलांनाही दाखवावी.

ज्या शिक्षकांनी हे प्रयोग केले असतील त्यांनी आपले आकडे आम्हांला जरूर कळवावेत. विशेषतः ज्या मुलांना याआधी रांगेतून बाहेर काढले गेले होते, त्यांचे.